पाणी न पिणारं फडकं: बडोद्यातल्या एका घराचं प्रकरण

२०२४ च्या दिवाळीला आठ-दहा दिवस उरले असताना वहिनींचा फोन आला. "भावजी, तुम्ही जन्मभर कापडं तपासलीत ना? मग या आणि आमची मायक्रोफायबरची फडकी तपासा. डझनावारी आणलीत, पण एक मेलं कामाचं नाही."

मी कलाभवनात वस्त्ररसायन शिकलो. १८९० मध्ये सयाजीराव महाराजांच्या काळात सुरू झालेलं हे कलाभवन आता विद्यापीठाची टेक्नॉलॉजी फॅकल्टी आहे, पण जुने बडोदेकर अजून कलाभवनच म्हणतात. पुढे तीस-एक वर्षं कापड धुऊन रंगवणाऱ्या एका प्रोसेस हाउसच्या प्रयोगशाळेत काढली. निवृत्तीनंतर कोणी काही तपासायला बोलावत नाही. त्यामुळे दुपारचा चहा तिकडेच घेऊ म्हणून स्कूटर काढली.

दादा-वहिनी दांडिया बाजारातला वाडा सोडून समा भागात राहायला गेले त्याला बरीच वर्षं झाली. घरात दोघं, पुतण्या, सून आणि शाळकरी नातू. सकाळी कामाला एक बेन येते. प्यायला महानगरपालिकेचं पाणी आणि बाकी सगळ्याला सोसायटीचं बोअर. ऑगस्टच्या शेवटी विश्वामित्री नदीला पूर आला तेव्हा तळमजल्यावर गुडघ्याच्या वर पाणी होतं. पाणी उतरलं आणि गाळ राहिला. हा गाळ पुढे या प्रकरणात पुन्हा येणार आहे.

तक्रारी पाच निघाल्या. आरशावर आणि खिडक्यांच्या काचांवर पुसल्यावर पांढुरके ओघळ दिसतात. ओट्यावरचं पाणी टिपलं न जाता नुसतं पुढे ढकललं जातं. फडक्यांना कुबट वास येतो. बाथरूमच्या नळांवरचे पांढरे डाग हलत नाहीत. आणि नव्या टीव्हीच्या पडद्यावर बारीक ओरखडे उमटलेत.

गुन्हेगार प्रत्येकाचा वेगळा होता. दादाच्या मते बोअरचं पाणी. सुनेच्या मते सेलमध्ये घेतलेला स्वस्त माल, आणि तो सासूबाईंनी घेतलेला, हे तिने बोलून दाखवलं नाही इतकंच. वहिनींच्या मते बेन सगळ्याला एकच फडकं वापरते. बेन तेव्हा ओटाच पुसत होती. मागे वळून न पाहता ती म्हणाली, "काका, आ कपडुं पाणी पीतुं ज नथी." हे फडकं पाणी पीतच नाही.

अहवालाची पहिली ओळ तिथेच मिळाली होती. पण मी दादाच्या बाजूने झुकलो. प्रयोगशाळेतल्या माणसाला पाण्याच्या जडपणावर, म्हणजे त्यातल्या क्षारांवर, खापर फोडायला आवडतं; आमच्याकडे रंग नीट चढला नाही की पहिला संशय पाण्यावरच जायचा.

कापड काय असतं ते आधी

सुती फडकं आणि मायक्रोफायबर दोन्ही पाणी टिपतात, पण तऱ्हा अगदी वेगळी. कापसाचा तंतू स्वतः पाणी शोषतो. साध्या हवेत ठेवला तरी तो वजनाच्या साधारण ८.५ टक्के ओलावा धरून असतो. नायलॉन ४ टक्क्यांच्या आसपास आणि पॉलिएस्टर जेमतेम ०.४ टक्के. मायक्रोफायबरच्या फडक्यात बहुतेक वेळा ८० टक्के पॉलिएस्टर आणि २० टक्के नायलॉन असतं, कधी ७० आणि ३०. म्हणजे ज्या तंतूला पाण्याचं वावडं, त्याचंच बहुमत. तरीही चांगलं फडकं ओट्यावरचं पाणी एका फटक्यात उचलतं, कारण ते पाणी तंतूत शिरतच नाही. तंतू-तंतूंमधल्या फटीत चढतं. दिव्याच्या वातीत तेल चढतं तसं. फट जितकी अरुंद, तितकी ओढ जास्त.

या फटी तयार होतात तंतूंच्या बारीकपणामुळे. धाग्याची जाडी डेनियरमध्ये मोजतात: ९,००० मीटर लांबीचं वजन १ ग्रॅम भरलं तर तो १ डेनियर. त्याहून बारीक तो मायक्रोफायबर. फडक्यांतला तंतू ०.२ डेनियरच्या आसपास धरला तर एका ग्रॅममध्ये ४५ किलोमीटर तंतू बसतो. बडोदा स्टेशनवरून सोडला तर आणंदला पोचून वर उरेल. जाडी निघते साडेचार मायक्रॉन. आपला केस ५० ते १०० मायक्रॉनचा.

एवढा बारीक तंतू सरळ काढणं अवघड, म्हणून एक युक्ती करतात. पॉलिएस्टर आणि नायलॉन एकाच छिद्रातून असे काढतात की धागा आडवा कापला तर संत्र्याच्या चकतीसारखा दिसावा. फोडी पॉलिएस्टरच्या, मधले पडदे नायलॉनचे. (या नायलॉनचा कच्चा माल, कॅप्रोलॅक्टम, आपल्या बडोद्याच्याच फर्टिलायझरनगरात बनतो. वहिनींना हे सांगितल्यावर त्या फडक्याकडे जरा आपुलकीने बघू लागल्या.) कापड तयार झालं की ते कॉस्टिक सोड्याच्या गरम पाण्यातून किंवा जोरदार फवाऱ्यांखालून नेतात आणि फोडी सुट्या होतात. सुटलेल्या फोडीला कडा असते. गोल तंतू धुळीवरून घरंगळतो, कडेचा तंतू तिला खरवडून उचलतो, आणि शेजारच्या फटीत ती अडकून राहते. शिवाय इतक्या बारीक तंतूंचा पृष्ठभागाला इतक्या ठिकाणी स्पर्श होतो की रेणूंमधली क्षीण ओढसुद्धा एकत्र मिळून कामाला येते. भिंतीवरची पाल याच ओढीवर चिकटून राहते. कोरडं घासलं की पॉलिएस्टर-नायलॉनवर स्थिर वीजही येते आणि धूळ उडण्याऐवजी फडक्याला चिकटते.

फोडी सुट्याच केल्या नाहीत, तरी पाकिटावर मायक्रोफायबर छापता येतंच.

फडक्यांची झडती

घरात दोन जातींची फडकी निघाली. जूनमध्ये सुनेने आणलेली निळी सहा, आणि सप्टेंबरमध्ये वहिनींनी सेलमध्ये घेतलेली रंगीबेरंगी बारा. दोन्ही ४० बाय ४० सेंटिमीटर, दोन्हींच्या पाकिटावर ३०० जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम. याचा ताळा घ्यायला प्रयोगशाळा लागत नाही. ४० बाय ४० म्हणजे ०.१६ चौरस मीटर, तेव्हा फडक्याचं वजन ४८ ग्रॅम भरायला हवं. वहिनींच्या केकच्या काट्यावर निळं ४७ भरलं. रंगीत २९. म्हणजे जेमतेम १८० जीएसएम. वहिनींनी काटा दोनदा शून्यावर आणून पुन्हा वजन केलं आणि मग काही बोलल्या नाहीत.

दुसरी परीक्षा बोटाची. सुट्या फोडींचं फडकं कोरड्या हातावर ओढलं की अडकतं. नखाच्या कडेला, टाचेच्या भेगेला हुकासारखं धरतं. अंगावर काटा येतो काहींच्या. रंगीत फडकं माझ्या भेगाळलेल्या अंगठ्यावरून रेशमासारखं सरकलं. ओट्यावर अर्धी वाटी पाणी सांडून त्यातून ते ओढलं, तर पाणी पुढे पळालं. ही बारा फडकी बिघडलेली नव्हती, ती आधीपासूनच तशी होती. त्यांचा प्रश्न तिथेच मिटला.

कोडं होतं निळ्यांचं. वजन बरोबर, पहिले दोन महिने काम उत्तम, सगळ्यांचं एकमत. पण आता तीही बोटावरून सरकत होती. नातवाच्या डोळ्यांच्या औषधाचा रिकामा ड्रॉपर घेतला आणि फडक्यावर पाण्याचा एक थेंब सोडला. मिलमध्ये ही आमची रोजची चाचणी: थेंबाची चकाकी जाऊन तो कापडात नाहीसा व्हायला किती वेळ लागतो ते मोजायचं. निळ्या फडक्यावर थेंब अळवाच्या पानावर बसावा तसा बसला. मी चाळीसपर्यंत आकडे मोजले आणि सोडून दिलं. बेन दारात उभी राहून बघत होती. तिने तेच सांगितलं होतं.

आता प्रश्न, हे बोअरच्या पाण्यामुळे की आणखी कशाने? सहापैकी एक निळं फडकं अजून पाकिटात कोरं होतं. पाहुणे आले की काढायचं म्हणून वहिनींनी ठेवलेलं. ते मी कापून चार तुकडे करायचे म्हटल्यावर घरात थोडी शांतता पसरली. पण कात्री मिळाली. पहिला तुकडा आरओच्या पाण्यात साध्या पावडरीने तीनदा धुतला. दुसरा बोअरच्या पाण्यात, तीच पावडर, तितक्याच वेळा. तिसरा बोअरच्या पाण्यात आणि शेवटच्या खळबळण्याला सुवासिक सॉफ्टनर, कारण कपाटात मशीनशेजारी मला ती गुलाबी बाटली दिसली होती. चौथा न धुता ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी वाळलेल्या तुकड्यांवर थेंब सोडले. पहिल्यावर थेंब टेकला आणि गेला. दुसऱ्यावरही गेला, तुकडा हाताला थोडा ताठर लागत होता एवढंच. तिसऱ्यावर वीस आकडे मोजून झाले तरी थेंबाची चकाकी दिसत होती. चौथ्याने थोडा वेळ घेतला, ही मला अनपेक्षित गोष्ट, पण विचार केल्यावर पटली: कोऱ्या कापडावर कारखान्यातला मुलायमपणाचा लेप असतो, म्हणून पहिल्या वापराआधी एकदा धुवायचं.

दादाचं बोअर सुटलं. माझाही अंदाज चुकला.

सॉफ्टनर नेमकं काय करतो ते इथे थांबून सांगतो, कारण बाटलीवर ते लिहिलेलं नसतं. त्यात धन भाराचे स्निग्ध रेणू असतात. धुतलेल्या कापडावर ते जाऊन बसतात आणि त्यांच्या लांब चरबीसारख्या शेपट्या बाहेर राहतात. टॉवेल हाताला मऊ लागतो तो त्या शेपट्यांमुळे. मायक्रोफायबरवर हाच लेप बसला की कडा बुजतात, फटींच्या भिंती तेलकट होतात आणि पाण्याला आत ओढ राहत नाही. सुती टॉवेलही सॉफ्टनरने कमी टिपतो, पण कापसाचा तंतू स्वतः पाणी पितो, त्याचं निभावून जातं. मायक्रोफायबरपाशी फटींशिवाय दुसरी पुंजीच नाही.

बाटली आली कुठून

हा या प्रकरणातला मला सगळ्यात रंजक वाटलेला भाग. सॉफ्टनर या घरात जुलैपर्यंत नव्हताच. सुनेला विचारलं तेव्हा ती जरा ओशाळून म्हणाली, "काका, बेनच तक्रार करत होती. फडकी हाताला अडकतात, शिरशिरी येते म्हणायची. मला वाटलं खरखरीत झाली असतील, म्हणून सॉफ्टनर घालायला लागले. नंतर तिची तक्रार बंद झाली."

तक्रार बंद झाली, कारण फडकी मेली होती. बेनचे हात दिवसभर चार घरच्या साबणात असतात, तळव्यांना भेगा आहेत. चांगलं फडकं तिच्याच हाताला सगळ्यात जास्त टोचणार. जे अडकणं फडक्याच्या कामाचं लक्षण होतं, तेच दोष समजून त्यावर इलाज झाला. मग फडकी पाणी टिपेनात म्हणून काचेवर क्लीनरचं निळं द्रावण जास्त फवारलं जाऊ लागलं, तरी ओघळ जाईनात म्हणून नवी स्वस्त बारा आणली गेली, आणि तिथून पुढे फोन माझ्यापर्यंत आला.

ओघळांत दादाच्या बोअरचा वाटा होताच, फक्त दुय्यम. लेप बसलेलं फडकं काचेवर पाण्याचा पातळ, असमान थर सोडतं. तो वाळला की बोअरमधले क्षार पांढरे दिसतात. फडकं धड असेल तर मागे पाणीच राहत नाही, मग वाळून उमटणार काय? नळांवरचे डाग मात्र वेगळी गोष्ट आहे. तो चुनखडीचा साका, घट्ट बसलेला. ते काम रसायनाचं आहे, फडक्याचं नव्हे. व्हिनेगरमध्ये भिजवलेला कापूस नळाला पंधरा मिनिटं गुंडाळून ठेवला, मग पुसलं. वहिनींनी लिंबाची सालंही चालवून पाहिली. वेळ जास्त लागला. संगमरवरी देव्हाऱ्याच्या आसपास दोन्ही नेऊ नका, एवढं बजावलं. आम्ल संगमरवरालाही खातं.

कुबट वासाचं कारण सांगायलाही नको. फडकी ओली पिळून सिंकखाली गोळा करून ठेवलेली. मायक्रोफायबर जंतू उचलतं, मारत नाही. उचललेले जंतू, ओट्यावरचं खरकटं आणि ओल एकत्र मिळाल्यावर आणखी काय होणार.

टीव्हीचे ओरखडे

इथे मला वाईट बातमी द्यावी लागली. पूर ओसरल्यावर निळ्या फडक्यांनीच खालची कपाटं आणि दारं पुसली होती. नदीच्या गाळात गारगोटीचे बारीक कण असतात. कठीणपणाच्या मोजपट्टीवर गारगोटी ७, खिडकीची काच साडेपाचच्या आसपास, आणि टीव्हीचा पडदा तर काचही नव्हे, वरचं आवरण प्लास्टिकचं. मायक्रोफायबर स्वतः काहीच खरचटवत नाही, पण उचललेला कण ते सुती फडक्यासारखं झटकताक्षणी सोडतही नाही. त्याच्या गुणातच ही खोट आहे. एक निळं फडकं मी काळ्या ताटलीत कोमट पाण्यात चुबकून ठेवलं. पाच मिनिटांनी फडकं उचललं तर तळाशी चिमूटभर करडी रेती. ताटली तिरपी केली की ती हळू सरकायची. पुतण्या बराच वेळ ती ताटली हलवत बसला होता.

पडद्याला इलाज नाही. बंद टीव्हीवर संध्याकाळचं ऊन पडलं की ओरखडे दिसतात, चालू असताना दिसत नाहीत. दादा म्हणाला, तसं तर ठीक आहे.

पुढे काय केलं

पाच निळ्या फडक्यांपैकी गाळाची दोन कायमची गाडीच्या चाकांसाठी आणि अंगणातल्या पायपुसण्यासाठी दिली. धुऊन त्यांतला शेवटचा कण निघाला याची खात्री कोणी देऊ शकत नाही. उरलेली तीन गिझरच्या गरम पाण्यात, साध्या पावडरीत तासभर भिजवून धुतली, आणि हे तीनदा केलं. सॉफ्टनरचा लेप एका धुण्यात निघत नाही. तिसऱ्या खेपेनंतर दोन फडक्यांवर थेंब टेकताच विरू लागला. तिसरं सुधारलं नाही. ते गॅसच्या मागच्या फरशीवर वापरलेलं होतं. फोडणीचं उडालेलं तेल उष्णतेने वार्निशसारखं होतं, आणि पॉलिएस्टरला तेलाची माया पाण्याहून जास्त. ते आत जाऊन घट्ट बसलं. त्याची रवानगी सायकलच्या साखळीकडे.

धुण्याचे नियम मी फ्रिजवर चिकटवायला लिहून दिले, सुनेने ते चारच ओळींत बसवले. सुती कपड्यांबरोबर धुवायची नाहीत, कारण टॉवेलची लव तंतूंत अडकून बसते आणि पुढच्या वेळी आरशावर दिसते. क्लोरीनचा ब्लीच नाही, नायलॉन कमजोर होतं. इस्त्री नाही, कडा वितळून चपट्या होतात. सॉफ्टनर नाही, कधीच नाही.

वापरताना मात्र एक सवय लावायला वेळ लागला: फडकं ओलं करून घट्ट पिळायचं, जवळजवळ कोरडं. पाणी निथळत असेल तर फटी आधीच भरलेल्या, मग घाण कुठे मावणार? दोनदा घडी घातली की चार थर होतात आणि पुसायला आठ बाजू मिळतात. एक मळली की पुढची. धुळीला कोरडंच. वहिनींना हे लगेच जमलं, त्यांनी पोळीच्या फडक्याची घडी घालायची शिस्त आयुष्यभर पाळली आहे.

जुनं सुती फडकंही घरात राहिलं. गरम कढई उतरवायला मायक्रोफायबर घेतलं तर ते वितळून हाताला चिकटू शकतं. समई आणि तांब्या-पितळेची भांडी घासूनपुसून कोरडी करायला दादाच्या जुन्या धोतराच्या तुकड्याची सर कशाला नाही, असं वहिनींचं मत आहे आणि मी त्याला विरोध केला नाही. प्रत्येक धुण्यात या फडक्यांतून प्लास्टिकचे न दिसणारे तंतू गटारात जातात, तिथून विश्वामित्री, पुढे ढाढर नदी आणि खंभातच्या आखातापर्यंत. घरात काही कामं कापसाकडे राहिली तर बरंच आहे.

बेनचा प्रश्न उरला. सुनेने रबरी हातमोजे आणले. तिने दोन दिवस घालून परत केले, आत घाम येतो म्हणाली, आणि ते खरंही आहे. शेवटी जुन्या चपट्या मॉपचा मुठीएवढा ठोकळा निघाला. त्याला फडकं गुंडाळून ती काचा पुसते, हाताला तंतू लागतच नाहीत. बाकीच्या घरात ती सुतीच वापरते. जानेवारीत मी गेलो तेव्हा तिने मला ओट्याजवळ बोलावलं, मुद्दाम थोडं पाणी सांडलं, एका हाताने पुसलं आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "हवे पीए छे." आता पितंय.

कापलेल्या निळ्या फडक्याचे चार तुकडे वहिनींनी फेकले नाहीत. सॉफ्टनरवाला गरम पाण्यात धुऊन घेतला, चारही तुकड्यांच्या कडा मशिनीवर शिवल्या, आणि आता प्रत्येकाच्या चष्म्याच्या डबीत एकेक आहे. चौथा मला मिळाला. गुलाबी बाटली पाऊण भरलेली अजून कपाटात आहे. टाकवत नाही म्हणून.